पाहून राहिलो होतो

आमच्या राईस मिलमध्ये शामकलाबाईंना सगळे 'वकीलीनबाई' म्हणायचे. कौतुकाने नव्हे. हमालांपासून म्यानेजरपर्यंत जो तो हसायचा, आणि मीही हसायचो. बाई कामाला बॉयलरवर. धानाचा भुसा टोपल्यात भरायचा, डोक्यावरून वाहायचा आणि भट्टीच्या तोंडाशी ओतायचा, हे दिवसभर. पण दुपारी डबा खायला त्या बसायच्या सायकल स्टँडजवळच्या नोटीस बोर्डासमोर. तिथे काचेमागे मिलचे स्थायी आदेश लावलेले होते. कामगाराला रजा कशी द्यायची, त्याच्यावर आरोप ठेवला तर चौकशी कशी करायची, काढायचं झालं तर कसं काढायचं, असे सगळे नियम. लावावे लागतात म्हणून लावलेले, कुणी वाचावेत म्हणून नव्हे. खालचा एक कोपरा उंदरांनी खाल्ला होता आणि उरलेलं सगळं शामकलाबाईंनी, अकरा वर्षं, भातासोबत थोडंथोडं.

बाई दहावीला इंग्रजीत नापास झाल्या आणि तिथेच शाळा सुटली. पण छापलेलं काही दिसलं की त्यांना राहवत नसे. भज्यांचा कागदसुद्धा आधी वाचायच्या, मग फेकायच्या. कुडव्याहून सायकलने यायच्या, तेही रस्त्यावरचे बोर्ड वाचत. कुणी चिडवलं तर म्हणायच्या, "वाचाले पैसा लागते का?"

मी हेमेंद्र, त्याच मिलच्या ऑफिसातला कारकून. हजेरी, पत्रं, टायपिंग हे माझं काम. ही गोष्ट शामकलाबाईंची आहे. पण तिच्यात मी जिथे येतो तिथे मला काही फार चांगलं दिसता येणार नाही, म्हणून नाव आधीच सांगून टाकलं.

मागच्या वर्षीचा नोव्हेंबर. हंगाम भरात होता. उसना, म्हणजे उकडा तांदूळ करायला वाफ लागते आणि आमच्या बॉयलरवर एकोणीस वर्षं एकच माणूस, उदाराम चुटे. सर्टिफिकेटवाला अटेंडंट, काम वाफेच्या दाबाच्या काट्यावर नजर ठेवायचं, आमगावकडच्या एका खेड्यातला, बावन्न वर्षांचा, अतिशय कमी बोलणारा. एका मंगळवारी सकाळी साडेदहाला वाफेच्या पाइपचा जोड फुटला आणि खालून चाललेल्या जीवनलाल फिटरचे दोन्ही हात भाजले. जीवनलाल आणि उदाराम एकाच गावचे, भिंतीला भिंत लागून घरं. संध्याकाळपर्यंत मिलभर झालं की उदाराम झोपला होता. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

दुसऱ्या दिवशी म्यानेजरने त्याला ऑफिसात बोलावून जबाब घेतला. साहेब विचारणार, तो सांगणार, मी टाइप करणार. जबाब लांबलचक नव्हताच. "मी काटा पाहून राहिलो होतो. काटा चढून नाही राहिला होता. तेवढ्यात जोड फुटला." मी शब्दाला शब्द टाइप केलं. उदारामने खिशातून चष्मा काढून दोनदा वाचलं आणि सही केली. आठवड्याने त्याच्या हातात आरोपपत्र पडलं. वाफेचा दाब वाढत असल्याचं पाहूनही त्याने काही केलं नाही, सहकाऱ्याच्या जिवाशी खेळ केला. चौकशी होईपर्यंत निलंबित. आरोप शाबीत झाला असता तर नोकरी गेलीच असती आणि सर्टिफिकेटवरही गंडांतर आलं असतं. त्याहून वाईट म्हणजे जन्मभर गावात शेजाऱ्याला जाळणारा म्हणून राहावं लागलं असतं.

चौकशी अधिकारी म्हणून कंपनीने नागपूरहून निंबाळकर वकील बोलावले. मूळचे साताऱ्याकडचे, नागपुरात येऊन त्यांना चार महिने झाले होते. माणूस वाईट नव्हता. वेळेवर यायचा, पाणी स्वतःच्या बाटलीतलं प्यायचा आणि नियमाला धरून वागायचा. पहिल्या बैठकीच्या नोटिशीतच त्यांनी उदारामला कळवलं, "तुमच्या बाजूने बोलायला तुमच्याच खात्यातला एखादा कामगार आणता येतो. तो तुमचा हक्क आहे."

पण येतो कोण? आमच्याकडे भट्टीवरचे सगळे हंगामी. दर हंगामाला गेटवर यादी वाचली जाते. नाव आलं तर आत, नाही आलं तर घरी. कुणी कुणाला काढत नाही, फक्त नाव वाचत नाही. ती यादी मीच टाइप करतो, त्यामुळे ती कशी बनते हे मला ठाऊक आहे आणि त्यांनाही ठाऊक होतं. उदाराम एकेकाकडे जाऊन आला. कुणाच्या घरी लग्न निघालं, कुणाची कंबर धरली.

पहिली बैठक सुरू होऊन दहा मिनिटं झाली असतील, तेव्हा शामकलाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. केसांत भुसा, पदर खोचलेला.

"मी बोलन उदाराम भाऊच्या बाजूनं," त्या म्हणाल्या.

म्यानेजर हसलेच. "अरे, ये तो रेजा है! ये क्या बोलेगी?" रेजा म्हणजे ओझी वाहणारी मजूर बाई.

"नियमात 'त्याच खात्यातला कामगार' लिहून आहे साहेब. फिटरच पाहिजे, बाबूच पाहिजे असं नाही लिहिलं. आन् उंदरानं खाल्ला तो कोपरा खालचा. हे कलम वरतं आहे."

निंबाळकर साहेबांनी आपल्याकडची प्रत काढून पाहिली आणि मान हलवली. "बरोबर आहे. बसा बाई."

पण म्यानेजरही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी लगेच विचारलं, की ही बाई त्या वेळी भट्टीवरच होती, म्हणजे ती साक्षीदार झाली, मग तीच प्रतिनिधी कशी? साहेबांनी विचार करून सांगितलं, "दोन्ही होता येणार नाही. साक्ष द्यायची असेल तर प्रतिनिधी दुसरा आणा. प्रतिनिधी व्हायचं असेल तर तुम्ही फक्त प्रश्न विचारायचे. स्वतः काय पाहिलं ते सांगायचं नाही."

"मंग म्या डोळ्यानं पाहिलं त्याचं काय?"

"ते नोंदीत येणार नाही."

बाईंनी उदारामकडे पाहिलं. तो हात जोडल्यासारखे मांडीवर ठेवून खाली बघत होता. तीन माणसांसमोर त्याच्या तोंडातून शब्द निघत नव्हता. त्या दिवशी तो स्टुलावरून हलला नव्हता, काट्यावरची नजर त्याने काढली नव्हती, हे बाईंनी चार हातांवरून पाहिलं होतं. आणि आता तेच सांगायचं नव्हतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

"प्रश्न इचारीन," त्या म्हणाल्या आणि खुर्चीच्या कडेवर बसल्या.

दुसरी बैठक पुढच्या गुरुवारी झाली. निंबाळकर साहेबांनी जबाब मोठ्याने वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ही तर कबुली आहे. स्वतःची सही आहे. आता यात विचारण्यासारखं काय राहिलं?"

उदाराम गोंधळून बघत राहिला. शामकलाबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. वरून बिरसीच्या विमानतळावरचं शिकाऊ विमान घिरट्या घालत होतं. त्या खोलीत खरं काय झालंय ते मला मात्र कळलं होतं.

पुण्यात मी दोन वर्षं डिप्लोमा केला. होस्टेलवर पहिल्याच आठवड्यात आईचा फोन आला आणि मी म्हणालो, "जेवून राहिलो ना, नंतर लाव." खोलीतली पोरं हसून हसून पडली. "जेवून राहिला! कुठे राहिला रे?" आमच्याकडे 'जेवून राहिलो' म्हणजे जेवतो आहे. 'येऊन राहिला' म्हणजे येतो आहे, अजून पोचलेला नाही. तिकडे त्याचा अर्थ होतो की आला आणि राहिला. दोन वर्षं माझं नाव 'राहिलो' होतं. मी तो शब्द जिभेवरून खरवडून काढला, एवढी मला त्याची लाज वाटली.

उदाराम म्हणाला होता की मी काटा बघत होतो आणि काटा चढत नव्हता. निंबाळकर साहेबांनी वाचलं, की काटा बघितला आणि तसाच बसून राहिलो. काटा चढला, फक्त वर टिकला नाही. जबाबात कुणी खोटं घातलं नव्हतं. तीच वाक्यं, तीच सही. आणि काटा चढतच नव्हता तर दोष जोडाचा होता, तो जोड वेळेवर न बदलणाऱ्याचा होता. निंबाळकर साहेबांनी लावलेला अर्थ म्यानेजर साहेबांनी दुरुस्त केला नाही. घरीदारी दिवसभर 'देख रहा हूँ' म्हणणाऱ्या माणसाला 'पाहून राहिलो' कळत नाही, हे मला कुणी पटवू नये. त्यांच्या दृष्टीने सुंठीवाचून खोकला गेला होता.

आणि मी? माझी नोकरी पक्की व्हायला तीन महिने बाकी होते. त्या कागदावर म्यानेजरची सही लागणार होती. मी समोरच्या कीबोर्डवरची धूळ पुसली.

शामकलाबाईंनी जबाबाची प्रत मागितली. "जो कागद आमच्यावर लावून राहिले थो आमाले देणं लागते. तेही लिहून आहे." साहेबांनी ती द्यायला लावली आणि पुढची तारीख दोन आठवड्यांनंतरची दिली. बाईंनी त्या कागदाचं पार चिपाड केलं. डब्याच्या वेळेला त्या आता नोटीस बोर्डाकडे बघत नसत, तो कागद वाचत बसत. शेवटी एका दुपारी त्या ऑफिसात आल्या. म्यानेजर जेवायला गेले होते.

"हेमेंद्र बाबू, जरा हे पाहा." त्यांनी कागद माझ्यासमोर ठेवला. "म्या शंभर डाव वाचलं. यात काहीच वंगाळ नाही. उलट उदाराम भाऊ कामच करून राहिले होते असं लिहून आहे. मंग साहेब याले कबुली कायले म्हणतात? तुमी पुण्यात शिकले. साहेबाले यात असं काय दिसते जे मले दिसून नाही राहिलं?"

नेमका प्रश्न होता. उत्तर माझ्या जिभेच्या टोकावर होतं आणि त्याला दहा सेकंदसुद्धा लागले नसते.

"मावशी, मला काय माहीत," मी म्हणालो. "कायद्याची भाषा असते ती."

त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग कागदाची घडी घालता घालता सांगितलं, की उदाराम दर दोन दिवसांनी जीवनलालला भेटायला दवाखान्यात जातो. आधी जीवनलालची बायको चमेली त्याला आत बसवायची. कबुलीची गोष्ट गावात पोचल्यापासून ती दारातच उभी राहते. "काल तिनं इचारलं म्हणे, भाऊजी, माह्या माणसाचे हात भाजेपर्यंत तुमी पाहत बसले होते का? उदाराम भाऊ तसेच वापस आले." एवढं बोलून बाई भट्टीकडे निघून गेल्या. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, हे शाळेत घोकलं होतं. दांडा आपणच असतो तेव्हा कसं वाटतं ते शाळेत सांगत नाहीत.

तिसरी बैठक शेवटची होती. उदाराम धुतलेला सदरा घालून आला होता. म्यानेजरने फाईल उघडलीसुद्धा नाही. निंबाळकर साहेबांना साडेतीनची गाडी धरून नागपूर गाठायचं होतं. त्यांनी देवकाबाईंना, आमच्या ऑफिसच्या शिपाईणबाईंना, आल्याआल्याच चहा सांगितला होता.

"बोला बाई, शेवटचं काय म्हणायचंय?"

"साहेब, मी एकच इचारतो," शामकलाबाई म्हणाल्या. आमच्याकडच्या बाया 'विचारतो'च म्हणतात. "या जबाबात उदाराम भाऊनं कबूल काय केलं? मले समजावून सांगा. मी कमी शिकलेली बाई आहो."

साहेबांनी घड्याळ बघितलं, पण कागद पुढे ओढला. शिकवल्यासारखं एकेका शब्दावर बोट ठेवत ते म्हणाले, "हे बघा. 'काटा पाहून.' म्हणजे काटा पाहिला. 'राहिलो होतो.' म्हणजे राहिला, थांबला. उठला नाही, वाफ सोडली नाही, कुणाला हाक मारली नाही. पुढे बघा. 'काटा चढून नाही राहिला.' चढला, पण राहिला नाही. म्हणजे चढला होता हे मान्य आहे. मग पाहूनही हा माणूस तसाच बसला. याहून स्पष्ट कबुली काय असते?"

बाईंचं तोंड उघडं राहिलं. त्यांनी कागदाकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, आणि मला वाटलं आता संपलं. उदारामने मान खाली घातली. म्यानेजरने पेनचं टोपण काढलं.

"देवकाबाई," साहेबांनी दाराकडे बघून हाक मारली, "चहाचं काय झालं?"

"चाय येऊन राहिली साहेब," देवकाबाई बाहेरूनच म्हणाल्या.

"बरं, बरं," साहेब म्हणाले आणि परत कागदाकडे वळले.

शामकलाबाई खुर्चीतून उठल्या. "साहेब, चाय कोठी आहे?"

"म्हणजे?"

"चाय. कोठी आहे?"

"येते आहे. आत्ता त्या म्हणाल्या ना?"

"नाही साहेब. थे म्हणाली, येऊन राहिली. तुमच्या हिशोबानं तं आली आन् राहिली. मंग टेबलावर दाखवा मले."

निंबाळकर साहेबांनी खरोखर टेबलाकडे पाहिलं. टेबलावर फाईल, पाण्याची बाटली आणि चष्म्याचं घर. चहा नव्हता.

"चाय येऊन राहिली म्हणजे अजून रस्त्यात आहे," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज कापत होता, पण चढत होता. "काटा पाहून राहिलो म्हणजे काटा पाहतच होतो. चढून नाही राहिला म्हणजे चढतच नव्हता. आमी असंच बोलतो साहेब. आमचे बापही असंच बोलत. तुमी त्या माणसाच्या बोलीनंच त्याले फासावर देऊन राहिले!"

"ये सब भाषा का खेल है," म्यानेजर म्हणाले. "साहब, कागज पे जो लिखा है..."

"थांबा." साहेबांनी हात वर केला आणि ते माझ्याकडे वळले. "तुम्ही इथलेच ना? जबाब तुम्ही टाइप केला. बाई म्हणतात ते खरं आहे?"

म्यानेजर माझ्याकडे बघत होते. उदाराम बघत होता. खोटं बोलायची सोय असती तर मी बोललो असतो की नाही, हे आजही मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण दारात देवकाबाई चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या, आणि त्यांच्यासमोर 'येऊन राहिली'चा अर्थ फिरवणं मला जमलं नसतं.

"खरं आहे साहेब," मी म्हणालो. "बघत होतो, असाच त्याचा अर्थ आहे. इथे कुणालाही विचारा."

चहा आला, त्याच्यावर साय धरली तरी साहेबांनी कपाला हात लावला नाही. मग त्यांनी मला नवीन पान घ्यायला सांगितलं आणि उदारामला पहिल्यापासून विचारलं. तुम्ही कुठे बसला होता, काटा कुठे होता, कुणाला काही सांगितलं होतं का. उदाराम बोलला. अडखळत, पण बोलला. काटा हिरव्या खुणेच्या आतच होता आणि त्या जोडातून पाणी गळतं हे त्याने दिवाळीआधीच सांगितलं होतं.

"कोणाला?"

उदारामने म्यानेजरकडे बोट केलं नाही, फक्त नजर केली. शामकलाबाईंनी मात्र विचारलं, "साहेब, इचारा यायले, त्या जोडाचं पॅकिंग कवा बदललं?"

"देखना पडेगा," म्यानेजर म्हणाले. साहेबांनी मला तेही टाइप करायला लावलं. साडेतीनची गाडी त्यांनी सोडून दिली.

निकाल तीन आठवड्यांनी येणार होता आणि तो उदारामच्या बाजूने आला. तो कामावर परत रुजू झाला. जीवनलाल घरी आला त्या दिवशी चमेलीबाईंनी अंगणात उदारामसाठी स्वतः खुर्ची टाकली म्हणे. पण त्या दुपारी हे काहीच ठाऊक नव्हतं. मला एवढंच वाटत होतं की मी म्यानेजरसमोर खरं बोललो. छाती जरा फुगली होती, हे कशाला लपवू? शाबासकी घ्यायला मी सायकल स्टँडवर गेलो.

शामकलाबाई कुलूप काढत होत्या.

"मावशी, जमलं बघा," मी म्हणालो.

"हो बाबू." त्यांनी डब्याची पिशवी हँडलला अडकवली. चेहऱ्यावर आनंद होता, पण तो माझ्यासाठी नव्हता. "त्या दिवशी मी कागद घेऊन आली होती. तुमाले तवाच मालूम होतं ना?"

मी शेजारच्या सायकलच्या सीटवरचा भुसा झटकला.

"थो माणूस दवाखान्याच्या दारातून वापस येऊन राहिला होता. मी येड्यावानी कागद वाचून राहिली होती." त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसतं सांगत होत्या. "आन् तुमी, बाबू, तुमी पाहून राहिले होते."

एवढं बोलून त्या सायकलवर बसल्या आणि कुडव्याच्या रस्त्याला लागल्या. कोणत्या अर्थाने म्हणाल्या ते मी विचारलं नाही. आमच्या बोलीत घ्या नाहीतर निंबाळकर साहेबांच्या, माझ्याबद्दल ते खरंच होतं.